कशेळीच्या हत्तीचं वय

आमच्या गोरेगावच्या बिल्डिंगीत तळमजल्याला राजापूरकडचे एक आजोबा राहतात. टीव्हीवर कोकणातल्या कातळशिल्पांची, म्हणजे सड्यावरच्या (उघड्या कातळी पठारावरच्या) दगडात कोरलेल्या चित्रांची बातमी लागली की त्यांना हसू येतं. "आम्ही गुरं घेऊन सड्यावर जायचो तेव्हापासून बघतोय त्या रेघा. पांडवांनी एका रात्रीत काढल्या म्हणायचे." आणि मग माझ्याकडे वळून, "आता तू सांग, तुझं विज्ञान काय म्हणतं? आमच्या कशेळीचा हत्ती किती वर्षांचा?"

प्रश्न साधा आहे. उत्तर द्यायला बसलो आणि चहा गार झाला.

जुन्या वस्तूचं वय काढायचा पहिला मार्ग म्हणजे ती कुठल्या थरात सापडली ते बघायचं. त्यासाठी लांब जायला नको. १९३०च्या दशकात टॉड नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याला आपल्या कांदिवलीला मातीच्या थरांमध्ये अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. खालच्या थरातलं जुनं, वरच्यातलं नवं, एवढा सरळ हिशेब. आज तिथे टॉवर आहेत, आणि पार्किंगसाठी खोदलेल्या मातीकडे त्या नजरेनं कोणी बघत नाही.

दुसरा मार्ग कार्बनचा. जिवंत असेपर्यंत प्रत्येक प्राण्याच्या शरीरात किरणोत्सारी कार्बन-१४ थोडा थोडा येत राहतो. जीव गेला की येणं बंद, नुसतं घटणं सुरू. दर ५,७३० वर्षांनी उरलेल्यातला निम्मा संपतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची नक्षी, कोणीतरी अणकुचीदार दगडानं कोरलेली. (हो, शहामृग. आपल्याकडे होते. २०१७ साली हैदराबादच्या संशोधकांनी अशा कवचांमधल्या डीएनएवरून ते आफ्रिकेतल्या शहामृगांचे नातलग असल्याचं दाखवलं.) कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यात कार्बन आहेच. वय निघालं सुमारे २५,००० वर्षं. एवढ्या काळात मूळच्या कार्बन-१४ पैकी जेमतेम विसावा हिस्सा उरतो, तरी तो मोजता येतो.

इथे एक मेख आहे. हे वय कवचाचं आहे, नक्षीचं नाही. जुनं कवच उचलून त्यावर पुढे कोणी रेघा मारल्या नसतील कशावरून? म्हणून थराची साक्ष लागते: सोबतची दगडी हत्यारंही त्याच काळाशी जुळतात. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा विश्वास बसतो.

रंगवलेल्या चित्रांचं काय? कोळशानं काढलं असेल तर कार्बन आहे. गेरू मात्र लोहाचं ऑक्साइड, त्यात मोजायला काही नाही. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाचे खडक दिसले (खिडकीची जागा मिळाल्याचा एवढा फायदा क्वचितच कोणाला झाला असेल), पण तिथली बरीचशी चित्रं लाल-पांढऱ्या खनिज रंगातली, त्यामुळे वयाचा तोच घोळ.

इंडोनेशियात सुलावेसी बेटावर वेगळी युक्ती जमली. तिथल्या गुहा चुनखडीच्या. छतावरून पाझरणाऱ्या पाण्यानं चित्रांवर चुन्याचा पातळ पापुद्रा धरतो. पाण्यात युरेनियमचा अंश विरघळतो, थोरियम जवळपास विरघळत नाही. म्हणजे पापुद्र्यात सापडणारं थोरियम बहुतेक सगळं तिथेच युरेनियमपासून बनलेलं. त्या दोघांचं प्रमाण हे घड्याळ. पापुद्रा ५१,२०० वर्षांचा असेल तर खालचं चित्र किमान तेवढं जुनं. २०२४ साली तिथल्या एका डुकराच्या आणि माणसासारख्या आकृत्यांच्या चित्राबद्दल नेमकं हेच जाहीर झालं.

आता आजोबांच्या सड्यावर जाऊ. राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावचा हा कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. लोकलच्या डब्यापेक्षा किंचित आखूड. त्याच्या पोटात आणखी बरेच प्राणी कोरलेले आहेत. हत्तीवर उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही, ड्रोन वर गेल्यावरच दिसतो. पाडव्याला गिरगावात रस्ताभर रांगोळी घालणारी मुलं आधी दोरीनं चौकोन आखून घेतात. इथे हत्तीची पाठ एवढी सलग कशी वळवली, याचं मला त्या रांगोळीवाल्यांइतकंच कौतुक वाटतं.

पण वय? जांभ्यात कोरताना दगड काढला जातो, वर काही चढवलं जात नाही. रंग नाही, कोळसा नाही. चुनखडी नाही, म्हणून पापुद्राही नाही. सडा उघडा, त्यामुळे वर थर साचत नाही. रेघांत बसलेली माती दर पावसाळ्यात वाहून जाते, नवी येते. आपली सगळी घड्याळं इथे बंद.

उरतात आडवळणाचे पुरावे. कोकणातल्या या चित्रांत गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही, पण गुजरातेत लांघणजला, मुंबईत जन्मलेल्या हसमुख सांकलियांच्या उत्खननात, अश्मयुगीन माणसांच्या वस्तीत गेंड्याचं हाड निघालं होतं. शिवाय सड्यावर प्राणी आणि मासे भरपूर, शेतीचं चित्र दिसत नाही. म्हणून काही अभ्यासक ही शिकारी, भटक्या लोकांची कला मानतात. मला हा दुसरा मुद्दा थोडा कच्चा वाटतो. आपल्या देवघरात कमळ असतं, म्हणून आपण कमळाची शेती करतो असं नाही. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ही स्थळं आली तेव्हाही काळ एका आकड्यात बसला नाही. मध्याश्मयुगापासून (जुन्या आणि नव्या अश्मयुगाच्या मधल्या काळापासून) ऐतिहासिक काळाच्या सुरुवातीपर्यंतचा लांबलचक पट्टा धरावा लागला.

"म्हणजे तुलाही माहीत नाही," आजोबा म्हणाले. मी मान डोलावली.

मे महिन्यात ते गावी गेले. गणपतीत जाऊन उपयोग नाही, सड्यावर गवत असतं. पहिला फोटो दुपारी बाराला आला: नुसता तापलेला काळपट कातळ. मी त्यांना कळवलं, ऊन कलल्यावर काढा, सावली रेघांत उतरते. आणि खडूनं गिरवू नका. संध्याकाळी सहाला दुसरा आला. दगडात ठसठशीत वळण घेत गेलेली एक रेघ, तिच्या टोकाशी आजोबांची चप्पल. खाली लिहिलं होतं, "ही सोंड की शेपूट?"

अजून आमचं ठरलेलं नाही.