किल्टचं माप

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधला पुरुषांचा पोशाख, चौकड्याच्या लोकरी कापडाचा, मागे चुण्या आणि पुढे सपाट, गुडघ्यापर्यंत येणारा. पारंपरिक पूर्ण किल्टला 8 वार कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. 16व्या शतकाच्या शेवटी जो मोठा किल्ट होता तो नुसता जमिनीवर पसरून, चुण्या घालून, पट्ट्याने बांधायचा, त्यामुळे मापाचा प्रश्नच नव्हता, नऊवारी कशी कोणालाही बसते तसंच. चुण्या शिवायला लागले ते 18व्या शतकाच्या शेवटी, आणि तेव्हापासून माप चुकलं की कपडा बिघडला.

मापं मुख्य तीन, कंबर, सीट आणि लांबी.

सगळ्यात जास्त लोक गंडतात ते कंबरेत. जीन्सचा नंबर सांगून मोकळे होतात, पण जीन्स बसते खाली आणि किल्ट बसतो बेंबीच्या आसपास किंवा किंचित वर, शिवाय रेडीमेड जीन्सवर 34 लिहिलेलं असलं तरी टेप लावून बघा, ती बरेचदा 34 नसतेच. म्हणून टेप बेंबीच्या पातळीवर आडवी फिरवायची, पोट आत न ओढता (हे सांगावं लागतं!). पोट सुटलेलं असेल तर शिवणाऱ्याला आधीच सांगितलेलं बरं.

सीट म्हणजे मागचा सगळ्यात रुंद भाग, आपले टेलर म्हणतात तीच. किल्टच्या चुण्या कंबरेपासून इथपर्यंत शिवलेल्या असतात आणि खाली मोकळ्या सुटतात. समजा सीट 42 आणि कंबर 36 आहे, यातला साधारण अर्धा घेर मागे चुण्यांत जातो, म्हणजे सीटला 21 आणि कंबरेला 18 इंच. चुण्या 28 धरल्या तर प्रत्येक चुणी सीटला पाऊण इंच दिसते आणि वर कंबरेला जाईपर्यंत अर्ध्या इंचाहून जरा जास्त एवढीच उरते, आणि हे निमुळतं करताना चौकड्याच्या रेघा जुळवत न्यायच्या, खरं कसब इथेच आहे. सीटचं माप कमी पडलं की चुण्या ताणून उघडतात आणि मागून सगळा किल्ट फिसकटलेला दिसतो.

लांबीत चूक झाली तर मात्र सुटका नाही. किल्टला खाली दुमड नसते, खालची कड म्हणजे कापडाचा मूळ काठच, त्यामुळे नंतर उसवून लांब करायला आत काही नसतंच आणि कापून आखूड केला तर काठ जातो. कंबर चुकली तर बकल एखाद-दुसरा इंच सांभाळून घेतं, लांबीला तशी सोय नाही. म्हणून कंबरेच्या खुणेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजतात. दुसरी जुनी पद्धत अशी की कडक जमिनीवर गुडघे टेकून ताठ बसायचं आणि जमिनीपर्यंत मोजायचं, अशा वेळी किल्टची कड जमिनीला जेमतेम टेकावी किंवा इंचभर वर राहावी.

हे सगळं स्वतःचं स्वतः मोजता येतं पण लांबी नाही, कारण खाली वाकून टेप वाचायला गेलं की माप बदलतं. घरातल्या कोणाच्या तरी हातात टेप द्यायची आणि आपण सरळ समोर बघत उभं राहायचं.