‘वेद’चे जर्मानिक भाऊबंद

जर्मन शिकताना लवकरच एक हट्टी क्रियापद भेटतं: ‘विसन’, म्हणजे माहीत असणं. कर्ता ‘तो’ असला की वर्तमानकाळात जर्मन क्रियापदाला सहसा ‘ट’ लागतो. ‘एर कोम्ट’, तो येतो. पण ‘त्याला माहीत आहे’ हे मात्र ‘एर वाइस’. ‘मला माहीत आहे’ हेही ‘इश वाइस’च. वर्गात हा अपवाद म्हणून पाठ करून घेतात. खरं तर हा अपवाद म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या व्याकरणाचा अवशेष आहे.

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या भाषांची पूर्वज म्हणजे आद्य-जर्मानिक. इ.स.पू. 500च्या सुमारास ती दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या पट्ट्यात बोलली जात असावी. तिच्यातला मजकूर हाती नाही, म्हणून वंशज भाषा ताडून रूपं उभी करतात आणि त्यांच्याआधी तारांकन लावतात: *वाइट, ‘मला माहीत आहे’, *विटुम, ‘आम्हाला माहीत आहे’. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये ही रूपं जवळपास अशीच सापडतात.

आता संस्कृत पाहा: ‘वेद’, ‘विद्म’, म्हणजे तीच दोन रूपं. संस्कृत आणि जर्मानिक एकाच मूळ भाषेतून निघाल्या आहेत. तिच्यातल्या ‘द’चा जर्मानिकमध्ये ‘ट’ होतो, हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 साली मांडला. जर्मनमध्ये या ‘ट’चा पुढे ‘स’ झाला, इंग्रजी ‘वॉटर’ला जर्मनमध्ये ‘वासर’ म्हणतात तसाच. स्वरांचं कोडं वैदिक आघात सोडवतो. ‘वेद’मध्ये आघात धातूवर, म्हणून स्वर भरदार, ‘विद्म’मध्ये तो प्रत्ययावर सरकतो, म्हणून धातू आखडतो. गॉथिकने आघात हरवला, पण ‘आइ’ आणि ‘इ’ यांतला फरक जपला.

आणि तो हट्टीपणा? ‘वेद’ हे घडणीने भूतकाळी रूप आहे. ‘अहं ददर्श’, ‘स ददर्श’ सारखेच, तसे ‘अहं वेद’, ‘स वेद’ही सारखेच. फक्त ‘ददर्श’सारखं द्वित्व, म्हणजे सुरुवातीच्या अक्षराची पुनरुक्ती, इथे नाही. विद् धातूचा जुना अर्थ ‘पाहणं’. लॅटिन ‘विडेओ’ म्हणजे ‘मी पाहतो’. मी पाहिलंय, म्हणून मला माहीत आहे! रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. पाणिनीलाही यासाठी ‘विदो लटो वा’ (3.4.83) असं वेगळं सूत्र करावं लागलं: विद् धातूला वर्तमानकाळात हे भूतकाळी प्रत्यय विकल्पाने लागतात.

इंग्रजीत ‘नो’ने या क्रियापदाची जागा घेतली, तरी ‘विट’ आणि ‘विटनेस’ उरले. जर्मनमध्ये विज्ञानालाच ‘विसनशाफ्ट’ म्हणतात. मला सर्वांत आवडते ती मात्र वेगळी जोडी. आपला ‘विद्वान’ हे याच धातूचं, द्वित्व नसलेलं जुनं कृदन्त. त्याचा गॉथिक भाऊ ‘वीटवोड्स’. त्याचा अर्थ साक्षीदार, ज्याने स्वतः पाहिलं आहे असा.