नुसतं ‘हेल्पर’ लिहून यादी पाठवू नका
(जुन्या एक्स्पोजरची, म्हणजे मागच्या वर्षांत कामावर अंगात गेलेल्या धूळ-शिशाची, तपासणी मागवणाऱ्या कारखान्यांसाठी)

कुपवाड, पलूस, सातारा, फोन कुठूनही येवो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सगळ्यांचे एक्स-रे काढलेत, मग तुम्ही वेगळं काय करणार?”

एक्स-रेत फुप्फुसाला झालेली इजा दिसते. धूळ कुठल्या कामात, किती वर्षं छातीत गेली ते त्यात कळत नाही. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बहुधा दहा-वीस वर्षांनी उघड होतो, त्यामुळे आज एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. शिशाचंही तेच. रक्त तपासून गेल्या महिन्या-दोन महिन्यांतला अंदाज येतो; जुनं शिसं हाडांत मुरलेलं असतं. त्या मागच्या वर्षांचा हिशेब आम्ही मांडतो.

हा हिशेब अडतो ऑफिसातून येणाऱ्या यादीपाशी. नाव, रुजू तारीख, हुद्दा: हेल्पर. चाळीसातले तीस हेल्पर! आता फाउंड्रीतला (ओतकामाच्या कारखान्यातला) हेल्पर नॉकआउटला गरम साचे फोडत असेल, फेटलिंगला ओतीव भाग घासायला ग्राइंडर धरत असेल किंवा डिस्पॅचला पेट्या भरत असेल. पहिल्या दोघांच्या नाकात जाणारी धूळ तिसऱ्याच्या वाट्याला येत नाही. अशी यादी आली की आम्हाला दुसरी चक्कर पडते आणि तुमचा आठवडा जातो.

एका कारखान्यात कागदावर 14 वर्षं हेल्पर असलेल्या काकांना विचारलं, “2005 च्या पुराआधी कुठं होता?” लगेच म्हणाले, “फेटलिंगला. पूर ओसरल्यावर नॉकआउटला घेतलं, रात्रपाळीला. सुटताना कंप्रेसरची हवा मारून कपडे झाडायचो.” अंगावरची सगळी बारीक धूळ रोज नाकासमोर उडत होती, आणि याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

म्हणून आम्ही प्रत्येक कामगाराशी अर्धा-पाऊण तास एकट्याशी बोलतो. काही मालकांना हे खटकतं, वेळही जातो, मान्य आहे. पण मुकादम शेजारी बसला की “मास्क रोज लावतो” यापुढे उत्तर सरकत नाही. आज पंप लावून मोजलेला धुळीचा आकडाही आम्ही जुन्या वर्षांना जसाच्या तसा चिकटवत नाही; धूळ ओढून घेणारा डस्ट कलेक्टर कधी बसला हे आधी बघतो. तेव्हा त्याचं बिल, वाळू-रेझिनची जुनी बिलं आणि ठेकेदारांची मस्टर रद्दीत घालू नका.

आमच्याकडे कोरा तक्ता मोफत मिळतो: विभाग, प्रत्यक्ष काम, कधीपासून कधीपर्यंत, पाळी. तो भरून आला की बहुतेक काम एकाच भेटीत उरकतं आणि दुसऱ्या भेटीचा खर्च वाचतो. भरताना जुन्या मुकादमांना बोलवा, निवृत्त झाले असले तरी. साल आठवत नसेल तर ‘2019 च्या पुराआधी’, ‘जुनी भट्टी काढली तेव्हा’, ‘थोरलीच्या लग्नाच्या वर्षी’ असं लिहिलं तरी चालेल. साल आम्ही लावून घेऊ.