मान लचकणं

मान लचकणं म्हणजे मानेचे मणके एकमेकांना बांधून ठेवणारे अस्थिबंध किंवा मानेचे स्नायू एकदम ताणले जाऊन दुखावणं. अस्थिबंध दुखावला तर डॉक्टर त्याला स्प्रेन म्हणतात, स्नायू दुखावला तर स्ट्रेन, पण मानेत हे सगळं इतकं दाटीवाटीने बसलेलं आहे की बाहेरून बोट लावून नेमकं काय दुखावलंय ते सांगता येत नाही आणि सुरुवातीचा इलाज तसाही एकच असतो. आपल्याकडे कोणी मान धरली म्हणतं, कोणी अवघडली, कोणी आखडली, गावाकडे उसण भरली म्हणतात आणि आयुर्वेदात याला मन्यास्तंभ असं नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मन्यास्तंभाची कारणं दिलीत त्यात दिवसा झोपणं, वेडंवाकडं बसणं आणि मान वर करून बघत राहणं हे येतं, आणि ज्यांनी कधी दिवसभर छताला रंग मारलाय त्यांना दुसऱ्या दिवशी हे शब्दशः पटतं.

मानेत मणके ७. त्यांच्यावर साधारण ४.५ ते ५ किलोचं डोकं, म्हणजे पिठाची ५ किलोची पिशवी दिवसभर तोलून धरायची. सगळ्यात वरचा मणका अॅटलास, त्याच्याखालचा अॅक्सिस. अॅक्सिसला वर दातासारखा सुळका असतो आणि जात्याची वरची तळी मधल्या खुंटीवर फिरते तसा अॅटलास त्या सुळक्याभोवती फिरतो, आपण नाही म्हणून मान हलवतो त्यातलं जवळजवळ अर्धं वळणं या दोघांच्यात होतं. इतकी मोकळीक असलेला भाग पाठीच्या कण्यात दुसरा कुठला नाही, म्हणून इजाही इथे पटकन होते.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे सकाळी उठल्यावर अवघडलेली मान. रात्री झोपताना सगळं ठीक असतं, सकाळी कुशीवर वळायला जातो आणि मानेतून खांद्यापर्यंत कळ जाते. मग माणूस मान न वळवता अख्खं अंग वळवून बघायला लागतो, घरातल्यांना लांबूनच कळतं. खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, वरच्या आतल्या कोपऱ्यावर बोट दाबलं तर बऱ्याचदा तिथेच जीव जाईल इतकं दुखतं, कारण मानेपासून त्या कोपऱ्यापर्यंत जाणारा स्नायू आखडलेला असतो. माझी स्वतःची मान रात्रीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपल्यामुळे दोनदा अशी धरलीय, आणि दोन्ही वेळा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे पलंगावरून उठणं. उताणं असताना डोकं सरळ उचलायचंच नाही, आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, हाताच्या कोपरावर जोर देऊन उठायचं आणि दुसऱ्या हाताने डोक्याला खालून आधार द्यायचा, एवढ्याने निम्मी कळ वाचते.

दुसरा प्रकार गाडीला मागून धडक बसल्यावरचा, व्हिपलॅश. हा शब्द अमेरिकेतले ऑर्थोपेडिक डॉक्टर हॅरॉल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये वापरला असं मानतात, चाबकाचा फटका मारल्यासारखी मान झटकली जाते म्हणून. होतं असं की सीट पाठीला पुढे ढकलते पण डोकं जागच्या जागी राहतं, त्यामुळे पहिल्या ०.१ सेकंदाच्या आसपास मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि वरचा पुढे, मान इंग्रजी एस सारखी होते आणि मग डोकं मागे फेकलं जातं. सीटचं हेडरेस्ट त्यासाठीच असतं, टेकून झोपायला नाही, त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या जवळपास हवी आणि डोकं त्याच्यापासून फार लांब नको. कितीतरी लोक गाडी घेतल्यापासून ते खाली दाबलेलंच ठेवतात, आज गाडीत बसाल तेव्हा वर ओढून घ्या. अशा धडकेनंतर दुखणं लगेच येईलच असं नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मान जड होते, डोकं मागून दुखतं, चक्कर आल्यासारखं होतं. १९९५ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने याच्या पायऱ्या ठरवल्या. त्यात पहिल्या पायरीत नुसतं दुखणं, दुसरीत मान कमी वळणं आणि दाबल्यावर दुखणं, तिसरीत नसांवर परिणाम, चौथीत मणका मोडणं किंवा सरकणं. लचकणं म्हणतो ते पहिल्या दोन पायऱ्यांत बसतं.

तिसऱ्या चौथ्या पायरीची शंका जरी आली तरी घरी थांबायचं नाही. पडल्यावर किंवा अपघातानंतर मानेच्या मधोमध हाडावर दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, ताकद कमी वाटत असेल, वय ६५ किंवा त्याच्या वर असेल, किंवा मान एका जरी बाजूला ४५ अंशसुद्धा वळत नसेल तर आधी हॉस्पिटल. रस्त्यात पडलेल्या माणसाला हातपाय धरून रिक्षात टाकतात ते मदतीच्या भावनेनेच, पण मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्यात मज्जारज्जू दुखावू शकतो, म्हणून डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. अपघात नसताना ताप, डोकेदुखी आणि मान पुढे वाकत नाही असं एकत्र असेल तर तो मेंदूज्वर असू शकतो, आणि मानेत जबड्यात दुखून छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल तर ते हृदयाचंही असू शकतं. या दोन्हीत मलम चोळत बसू नका.

बाकीच्या साध्या लचकण्याचा इलाज लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. पूर्वी गळ्यात पट्टा घालून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे, आता कळलंय की त्याने स्नायू अजून आखडतात. पहिले एकदोन दिवस जड काम टाळायचं, बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं लावायचा किंवा शेक घ्यायचा, जे बरं वाटेल ते, निर्गुडीच्या पाल्याचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेकही चालतो फक्त चटका नको. आणि पहिल्या दिवसापासून मान हळूहळू हलवायची, उजवीकडे, डावीकडे, कान खांद्याकडे, कळ सुरू होईल तिथपर्यंतच, दिवसातून चारपाच वेळा. थोडं बरं वाटलं की कपाळावर तळहात ठेवून डोकं न हलवता पाच सेकंद जोर लावायचा, मग बाजूने, मग मागून. पॅरासिटामॉलने भागतं बऱ्याचदा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या अल्सर, किडनीचा त्रास, दमा, हृदयविकार किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आपल्याकडे सर्रास मिळणारं स्नायू सैल करायचं औषध थायोकोल्चिकोसाइड तर युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये पोटातून जास्तीत जास्त ७ दिवस आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला अजिबात नाही असं ठरवलं, म्हणून मागच्या वेळची उरलेली स्ट्रिप काढून खाऊ नका.

सलूनमध्ये मान मोडून घेणं मात्र थांबावं असं मला मनापासून वाटतं. एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे आणि झटका, कट्ट आवाज येतो आणि क्षणभर हलकं वाटतं. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतूनच वर जातात, झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे रक्ताची गाठ होऊन लकवा होऊ शकतो. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा धडधाकट तरुण माणसाला होतं. लचकलेल्या मानेला तर तो झटका कधीच नको.

घरगुती समजुतींत उशी उन्हात टाकायची किंवा पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसाचा पाय लावून घ्यायचा हे अजून चालतं. साधी अवघडलेली मान आठवड्याभरात बहुतेक आपोआप सुटते त्यामुळे गुण आला असं वाटतं, नुकसान काही नाही, फक्त पाय हलकेच लावा. उशी मात्र खरंच तपासा, कुशीवर झोपल्यावर कान ते खांदा यातली जागा भरेल एवढीच उंच हवी.

आणि एक्सरे. साधी लचक एक्सरेत दिसत नाही. रिपोर्टमध्ये मानेचा बाक कमी झालाय किंवा मणक्यात गॅप आहे असं लिहिलं की लोक हादरतात, पण चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या मानेत असे बदल असतात आणि बाक कमी दिसणं स्नायू आखडल्यामुळेही होतं. व्हिपलॅशवाल्यांपैकी बरेच दोनतीन महिन्यांत बरे होतात, काहींचं रेंगाळतं, आणि सुरुवातीला खूप दुखणं आणि मान हलवायची धास्ती बसणं ही दोन्ही रेंगाळणाऱ्यांत जास्त दिसतात. तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. तोवर दोन्ही खांद्यांवरून मागचं दिसेल इतकी मान वळत नसेल तर टू व्हीलर काढू नका, कारण मागून येणारा ट्रक आरशात नेहमी दिसतोच असं नाही.