कुत्र्या-मांजरांच्या वागण्याची तक्रार : दवाखान्यात कधी, आमच्याकडे कधी

कुत्र्या-मांजरांचं बिघडलेलं वागणं सुधारणं हे आमचं काम. आमच्याकडे येणारे फोन ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. "पिल्लू दोन महिन्यांचं आहे, सारखं चावतं, पुढे हिंसक होईल का?" हा पहिला. "तसा फार प्रेमळ आहे हो, पण परवा तिसऱ्यांदा चावला," हा दुसरा. पहिल्या घराला बहुतेक वेळा आमची गरज नसते, आणि दुसऱ्या घराने बरंच आधी यायला हवं होतं. घरी काय सुटतं, पशुवैद्यकाकडे कशासाठी जायचं आणि आम्हाला कधी बोलवायचं, ते या पत्रकात आहे. आमचं पोट याच धंद्यावर आहे, तरीही "आमच्याकडे येऊ नका" असं यात दोन-तीनदा वाचायला मिळेल.

आधी दवाखाना

वागणं अचानक बदललं असेल तर पहिली भेट पशुवैद्यकाची. फोनवर आम्ही सर्वांत आधी विचारतो ते हेच : कधीपासून? "लहानपणापासून असाच" हे एक उत्तर, आणि "गेल्या पंधरा दिवसांत काय झालंय कळत नाही" हे अगदी वेगळं. मुक्या जनावराला दुखतंय असं सांगता येत नाही. ते गुरगुरतं, पलंगाखाली जाऊन बसतं, किंवा आजवर कधी केली नाही अशा जागी शू करतं.

उदाहरणार्थ, कॉकर स्पॅनियल जातीचा कुत्रा. गळ्यात पट्टा घालायला गेलं की दात दाखवतो, लाडाने शेफारलाय, अशी तक्रार येते. या जातीचे कान लांब, लोंबते आणि केसाळ. त्यात पावसाळा. आत हवा खेळत नाही, ओल राहते आणि कान पिकतो. पट्टा डोक्यावरून सरकवताना नेमका त्या कानाला घासतो. कानाची पाळी उचलून वास घ्या. आंबूस वास, तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं, कान जमिनीला घासणं यातलं काही दिसलं तर आमची फी वाचवा आणि कानाचे थेंब आणा, अर्थात डॉक्टरांनी तपासून दिलेले. कान बरा झाल्यावरही पट्टा पाहून तो अंग चोरत असेल, तर दुखणं गेलं आणि धास्ती उरली. ती काढणं आमचं काम.

म्हातारा लॅब्रेडॉर जिना चढायला नकार देतो आणि मुलांनी पाठीवर हात टाकला की गुरगुरतो, तेव्हा खुब्याचे सांधे तपासा. वयस्क कुत्रा रात्रभर घरात फेऱ्या मारतो, कोपऱ्यात अडकल्यासारखा उभा राहतो, तर माणसांसारखाच त्याचाही मेंदू म्हातारा होतो, आणि त्यावर उपचार आहेत. दहा-बारा वर्षांची मांजर भरपूर खाऊनही वाळत चालली असेल आणि रात्री-अपरात्री ओरडत असेल, तर थायरॉइडची तपासणी हवी. "आळशी झालाय, फिरायलाच येत नाही" म्हणून आणलेल्या कुत्र्याला कधी कधी गोचीड-ताप निघतो.

एक गोष्ट मात्र रात्री दोन वाजता कळली तरी थांबू नका. बोका पुन्हा पुन्हा त्याच्या शू-शीच्या ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय, आणि शू होत नाही किंवा थेंब थेंब होते. घरचे म्हणतात, "रागाने चादरीवर करतो." मूत्रमार्ग तुंबलेला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

रेबीजबद्दलही सांगायला हवं. लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदललाय, वागण्याचा ताळतंत्र राहिलेला नाही, अशा जनावराला हात लावू नका. त्याला खोलीत बंद करून डॉक्टरांना फोन करा. आणि चावा कोणाचाही असो, लस टोचलेल्या घरच्या कुत्र्याचाही, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. दंडात घ्यायच्या लशीचे दिवस साधारणपणे 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 असे असतात. जखम खोल असेल तर सोबत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, "घरचाच आहे, काही होत नाही" हे आपण ठरवू नये.

खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत परळला, साताऱ्याकडे शिरवळला आणि नागपुरात सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

ज्यासाठी आम्ही लागत नाही

पिल्लाचं चावणं. दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येतात. तोवर तुमची चप्पल, सोफ्याचा पाय आणि तुमचा हात त्याला सारखेच. थंड करून घेतलेला ओला फडका चघळायला द्या, हात लागला की खेळ थांबवा, आणि त्याला पुरेशी झोप मिळू द्या. संध्याकाळी सातनंतर पिसाळल्यासारखं धावणारं पिल्लू बहुतेक वेळा पेंगुळलेलं असतं. उड्या मारणं, पट्टा ओढणं, आठव्या महिन्यात शिकवलेलं सगळं विसरणं यांसाठी साधा प्रशिक्षणाचा वर्ग पुरतो.

पिल्लांच्या घरांना एकच आग्रह. 3 ते 14 आठवडे या वयात पिल्लू जे शांतपणे पाहतं, ते त्याला पुढे आपलंसं वाटतं. लशी पूर्ण व्हायच्या आहेत म्हणून जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन गेटपर्यंत जा. रिक्षा, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, कुकरची शिट्टी हे सगळं तेव्हाच दाखवून घ्या.

आम्हाला बोलवायची वेळ

आमची कसोटी सोपी आहे : जनावर काय करतं यापेक्षा घर त्याच्यासाठी किती वाकलंय ते बघा. दारावरच्या बेलची वायर काढून ठेवलेली घरं आम्हाला भेटतात. पाहुणे बोलावणं बंद झालेलं असतं. आजी हॉलमधून न जाता गॅलरीतून वळसा घालून स्वयंपाकघरात जातात, कारण तो हॉलमध्ये बसलेला असतो. लिफ्टमध्ये कोणी आहे का हे आधी डोकावून बघावं लागतं. यातलं प्रत्येक पाऊल त्या त्या दिवशी शहाणपणाचंच वाटतं, म्हणून वर्ष निघून जातं. अशा दोन-तीन गोष्टी तुमच्या घरात सुरू झाल्या असतील तर चावा बसायची वाट पाहू नका.

गुरगुरण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. कुत्रा एकदम चावत नाही. आधी ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, मग अंग ताठ होतं आणि खाणं मध्येच थांबतं. मग गुरगुर. एवढं सगळं सांगूनही कोणी ऐकलं नाही, तर दात. गुरगुरण्यावर फटका दिला तर भीती जात नाही, फक्त सूचना बंद होते, आणि "काही कारण नसताना चावला" ही तक्रार तिथून सुरू होते. ताटलीत हात घालून "मालक कोण" हे दाखवायची पद्धतही सोडा. जेवणाऱ्याला सुखाने जेवू द्या.

चावा झालाच असेल तर तो कसा होता ते आम्हाला नीट सांगा. इयन डनबार या पशुवैद्यकांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. पहिल्या पायरीत दात अंगाला लागतही नाहीत. दुसरीत लागतात, पण छिद्र पडत नाही. तिसरीत एका चाव्यात एक ते चार छिद्रं पडतात, सुळ्याच्या निम्म्या लांबीहून कमी खोल. चौथीत त्याहून खोल. पहिल्या दोनवर काम बरंच सोपं असतं. चौथीच्या पुढे आम्हीही आधी पशुवैद्यकांना सोबत घेतो आणि घरात लहान मूल असेल तर स्पष्ट बोलतो. जखमेचा फोटो असला तर अंदाज बरोबर येतो. लाजेने "जरासं खरचटलं" म्हणू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सोसायटीच्या बैठकीत हे कलम कोणीतरी वाचून दाखवायच्या आत या.

एकटं राहता न येणं. ऑफिसातून आल्यावर उशी फाटलेली दिसली म्हणजे कुत्रा घाबरतोच असं नाही, कंटाळलाही असेल. जुना मोबाइल कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग लावा आणि बाहेर पडा. घाबरलेला कुत्रा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतो : फेऱ्या, धाप, लाळ, दाराच्या चौकटीवर ओरखडे, आणि आवडता खाऊ समोर असूनही तोंड लावत नाही. कंटाळलेला आधी खाऊ संपवतो, एक झोप काढतो आणि मग उशीकडे वळतो. पहिल्यासाठी आम्हाला बोलवा. दुसऱ्याला सकाळचं फिरणं वाढवा.

फटाके आणि ढोल-ताशे. दिवाळीच्या आदल्या दिवशी येणाऱ्या फोनला आमच्याकडे फारसं उत्तर नसतं. आवाजाची सवय अगदी हळू आवाजापासून, आठवडेच्या आठवडे लावावी लागते. काही कुत्र्यांना औषध लागतं, आणि रोज द्यायच्या काही औषधांचा गुण यायला 4 ते 6 आठवडे जातात. म्हणून दिवाळीची तयारी गणपतीत सुरू करा. औषध फक्त पशुवैद्यकच देतील. आम्ही देत नाही, आणि देणाऱ्या ट्रेनरपासून लांब राहा. घरातली माणसांची गोळी अर्धी करून देणं तर मुळीच नको. मांजरीला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

मांजरांची घरं आम्हाला उशिरा फोन करतात, कारण मांजर चावली तरी "तिचा मूड" म्हणून सोडून देतात. तळमजल्यावरच्या घरात हमखास घडणारी गोष्ट : खिडकीबाहेर भटका बोका येतो, आतली मांजर फुगते, त्याला गाठता येत नाही, आणि शेजारून जाणाऱ्या तुमच्या पोटरीवर सगळा राग निघतो. किंवा घरातल्याच दुसऱ्या मांजरीवर, आणि मग कालपर्यंत एकमेकींना चाटणाऱ्या दोघींचं महिनोन्‌महिने वैर. अशा वेळी दोघींना लगेच वेगळ्या खोल्यांत ठेवा, खिडकीचा खालचा भाग कागदाने झाका आणि आम्हाला फोन करा. "भांडून भांडून मिटेल" असं होत नाही. ट्रेबाहेर शू करण्याची तक्रार असेल तर तपासणी झाल्यावर ट्रे मोजा : मांजरी जितक्या, त्याहून एक जास्त, आणि वॉशिंग मशीनच्या शेजारी नको.

पक्षी आमच्याकडे नाहीत. कॉकटील (तुरेवाला छोटा पोपट) पिसं उपटत असेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जा. कंठवाला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्या वागण्याबद्दल आम्हाला न विचारलेलं बरं.

माणूस कसा निवडावा

पशुवैद्यकांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. कुत्र्यांच्या ट्रेनरला आपल्याकडे असा कोणताही परवाना लागत नाही. कार्ड छापलं की झाला ट्रेनर. हे आम्हालाही लागू आहे, तेव्हा आम्हालाही प्रश्न विचारा. कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? हा एकच प्रश्न पुरेसा आहे. उत्तरात झटका देणारा पट्टा, काट्यांची साखळी, उताणं पाडून दाबून धरणं यातलं काही आलं तर नमस्कार करून निघा. "तुम्ही अल्फा बना", म्हणजे कळपाचे म्होरके बना, हा सल्ला ज्यावर उभा आहे, तो रुडॉल्फ शेंकेल यांचा 1947 चा अभ्यास पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरचा होता. ही कल्पना ज्यांच्यामुळे लोकप्रिय झाली, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं.

आठवड्याभरात गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊ नका. महिनाभर फार्महाउसवर ठेवून "सुधारून" देण्याची पद्धतही आम्हाला पटत नाही. तिथे गुणी झालेला कुत्रा घरी येतो तेव्हा बेल तीच, लिफ्ट तीच आणि आजीही त्याच असतात. आणि "एकदा लग्न लावून द्या, शांत होईल" हे शेजाऱ्यांचं औषध तर अजिबात नको. मेटिंगने भीती जात नाही. नसबंदीनेही जात नाही, तिचे फायदे वेगळे आहेत आणि त्यांसाठी ती जरूर करावी.

पहिल्या भेटीआधी

फोनवरचं पहिलं बोलणं विनामूल्य असतं, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होतं. भेट ठरलीच तर आम्ही घरी येतो, साधारण दीड तास लागतो, आणि त्या वेळी घरातली सगळी मंडळी हवीत, विशेषतः ज्यांना कुत्रा आवडत नाही ते. लशीचं पुस्तक, आधीचे रिपोर्ट, एका दिवसाचं वेळापत्रक आणि मिळाला तर व्हिडिओ काढून ठेवा. मात्र व्हिडिओसाठी त्याला मुद्दाम चिडवू नका. आम्ही येऊ तेव्हा कुत्रा आतल्या खोलीत किंवा पट्ट्यावर असू द्या. बेल वाजवायची नसेल तर तसं सांगा, आम्ही खालून फोन करू. मांजर असेल तर तिला बाहेर ओढून दाखवू नका. ती कपाटामागे बसून राहिली तरी चालेल, आम्हाला आधी तिचा ट्रे, खिडकी आणि झोपायची जागाच बघायची असते.