शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच: विनोदी सचित्र ‘पहिल्या’ पुस्तकांची पार्श्वभूमी

मूल अक्षरं जुळवून वाचू लागतं तेव्हापासून ते पहिली कादंबरी एकट्याने संपवतं तोपर्यंत मध्ये दोन-तीन वर्षं जातात. या काळात चित्रपुस्तक ‘छोट्यांचं’ वाटू लागलेलं असतं आणि पानभर सलग मजकूर दिसला की दम लागतो. साधारण सहा ते नऊ वर्षांच्या या वाचकांसाठी जे पुस्तक घडत गेलं, त्याला इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ‘अर्ली चॅप्टर बुक’ म्हणतात. मोठा टाइप, ओळींमध्ये मोकळी जागा, एका बैठकीत संपेल एवढं प्रकरण आणि पान उलटलं की बहुधा एखादं चित्र. या प्रकारातली जी पुस्तकं पन्नास-साठ वर्षं टिकून राहिली, त्यांत विनोदी पुस्तकांचा वाटा फार मोठा आहे. तो योगायोग नाही.

विनोद म्हणजे कडू औषधावरची साखर, अशी मोठ्यांची समजूत असते. मूल हसत हसत वाचेल आणि नकळत शिकेल, एवढंच त्याचं काम. मला हे मान्य नाही. नवशिक्या वाचकाला प्रत्येक वाक्य वाचायला कष्ट पडतात, त्यामुळे ते वाक्य का वाचायचं याला कारण लागतं. जे चित्रात दिसतंच आहे तेच खाली लिहिलेलं असेल, तर हुशार मूल चित्र बघून पान उलटतं. विनोदी पानावर ही पळवाट बंद होते. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच दाखवतं आणि गंमत त्या दोघांच्या विसंगतीत असते. ती कळायची तर चित्रही पाहावं लागतं आणि मजकूरही वाचावा लागतो. या पुस्तकांचा इतिहास म्हणजे ही युक्ती हळूहळू हाती लागत गेल्याचा इतिहास आहे.

सुरुवात जर्मनीपासून करता येते. 1844 च्या नाताळात फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधत होते. दुकानांत मिळाली ती कंटाळवाणी बोधपर पुस्तकं. शेवटी त्यांनी एका वहीत स्वतःच चित्रं काढली, खाली पद्य लिहिलं आणि ती वही मुलाला दिली. 1845 मध्ये तिचं पुस्तक झालं. वरवर पाहता तिथेही बोधच आहे: नखं न कापणारा, अंगठा चोखणारा, सूप नाकारणारा मुलगा आणि त्याची भयंकर शिक्षा. पण ती शिक्षा इतकी अतिशयोक्त आहे, की बोधाचंच विडंबन झाल्यासारखं वाटतं. वीस वर्षांनी, 1865 मध्ये, विल्हेल्म बुश यांचं ‘मॅक्स उंड मोरित्झ’ आलं. दोन वात्रट मुलांच्या सात खोड्या, प्रत्येक खोडी स्वतंत्र, चित्राखाली दोन-दोन ओळींचं यमक. प्रकरणांत विभागलेल्या विनोदी सचित्र पुस्तकाचा सांगाडा इथे जवळपास पूर्ण दिसतो.

यामागे छपाईचंही कारण आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापून मग पुस्तकात चिकटवावं लागे. लाकडाच्या आडव्या कापावर कोरलेला ठोकळा मात्र खिळ्यांइतक्याच, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांइतक्याच, उंचीचा करता येतो. तो मजकुराच्या खिळ्यांसोबत एकाच चौकटीत बसतो आणि दोन्ही एकदम छापले जातात. त्यामुळे चित्र पानाच्या मधोमध, नेमक्या वाक्याशेजारी येऊ शकलं. विनोदाला ही जवळीक लागतेच. चित्र दहा पानं पुढे असेल तर हसण्याची वेळ टळून जाते.

तरीही ही पुस्तकं मुख्यतः मोठ्यांनी वाचून दाखवायची होती. मुलाने स्वतः वाचायचं पुस्तक म्हणजे शाळेची वाचनमाला आणि तिथे विनोदाला जागा नव्हती. अमेरिकेत 1930 पासून स्कॉट फोर्समन या प्रकाशनाच्या वाचनमालेत डिक आणि जेन ही भावंडं आली आणि पुढची तीनेक दशकं असंख्य मुलं त्यांच्याबरोबर वाचायला शिकली. पद्धत अशी, की मोजके शब्द निवडायचे आणि ते नजरेत बसेपर्यंत पुन्हा पुन्हा आणायचे. चित्रात मुलगी धावताना दिसते, खाली ‘धाव, धाव’ लिहिलेलं असतं. चित्र आणि मजकूर यांचं इतकं एकमत असतं, की दोघांपैकी एक अनावश्यक ठरतो.

त्यावर मोठा हल्ला झाला तो 1954 मध्ये. कादंबरीकार आणि पत्रकार जॉन हर्सी यांनी मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख लिहिला, की मुलं वाचनात अडखळतात याचं एक कारण ही मिळमिळीत पुस्तकं आहेत. त्यांतली मुलं अस्वाभाविक स्वच्छ आणि अस्वाभाविक सभ्य आहेत, चित्रांत कल्पनेला वाव नाही. हे काम डॉ. स्यूस किंवा वॉल्ट डिस्ने यांच्यासारख्या चित्रकारांना का देत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांचं या पद्धतीवर कडाडून टीका करणारं पुस्तक आलं आणि वाद घरोघरी पोचला.

हर्सी यांची सूचना खरोखर अमलात आली. हाउटन मिफ्लिन या प्रकाशनाच्या शैक्षणिक विभागाचे विल्यम स्पॉल्डिंग यांनी डॉ. स्यूस, म्हणजे थिओडोर गाइझेल, यांना साडेतीनशेच्या आसपास शब्दांची यादी दिली आणि पहिलीतल्या मुलाला खाली ठेववणार नाही असं पुस्तक मागितलं. गाइझेल यांचं हे काम दीर्घकाळ रखडलं. मार्च 1957 मध्ये ‘द कॅट इन द हॅट’ बाहेर पडलं तेव्हा त्यात अवघे 236 वेगवेगळे शब्द होते आणि त्यांतला तीन उच्चारखंडांचा (सिलॅबलचा) शब्द फक्त एक. छपाईचे रंगही मोजके: काळा, लाल आणि फिकट निळा. एवढ्या तुटपुंज्या सामानावर त्यांनी पावसाळी दुपार, घराबाहेर गेलेली आई, उंच टोपीवालं उपद्व्यापी मांजर आणि सतत विरोध करणारा भांड्यातला मासा उभा केला. शेवटी घर आवरलं जातं, आई दारात येते आणि वाचकालाच विचारलं जातं: तुमच्या आईने विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? उत्तर दिलेलंच नाही. पहिलीतल्या मुलाला पुस्तकाने असा प्रश्न विचारणं आणि निर्णय त्याच्यावर सोडणं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. शाळांनी या पुस्तकाला थंडा प्रतिसाद दिला, कारण त्या जुन्या वाचनमालेला धरून होत्या. रँडम हाउसने काढलेली दुकानातली आवृत्ती मात्र धडाक्याने खपली. 1960 च्या ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’मध्ये तर शब्द पन्नासच आहेत. प्रकाशक बेनेट सर्फ यांच्याशी लागलेल्या पैजेतून ते घडलं.

मात्र प्रकरणांच्या पुस्तकाची थेट वंशावळ दुसऱ्याच, कमी गाजावाजा झालेल्या पुस्तकाकडे जाते. तेही 1957 चंच. हार्पर या प्रकाशनाच्या बालविभागाच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी ‘आय कॅन रीड’ मालिका सुरू केली आणि पहिलं पुस्तक निवडलं एल्स होल्मेलुंड मिनारिक यांचं ‘लिटल बेअर’. मिनारिक मूळच्या डेन्मार्कच्या आणि पहिलीच्या वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षिका. चित्रं मॉरिस सेंडॅक यांची. पुस्तकात चार छोट्या गोष्टी आहेत, आणि अनुक्रमणिका आहे! सहा वर्षांच्या वाचकाला अनुक्रमणिका मिळणं म्हणजे ‘हे मोठ्यांसारखं पुस्तक आहे’ असा मान मिळणं. ओळी अर्थाला धरून तोडल्या आहेत, त्यामुळे मूल श्वास घेतं तिथे ओळही संपते.

पहिलीच गोष्ट पाहा. बर्फ पडतंय, अस्वलाच्या पिल्लाला थंडी वाजते. आई टोपी देते. तरी थंडी. मग कोट, मग विजार. तरी थंडीच. आई विचारते, केसाळ कोट हवा का? हवा. मग आई सगळे कपडे काढायला लावते आणि म्हणते, हा बघ तुझा केसाळ कोट. पिल्लू खेळायला जातं आणि आता त्याला थंडी वाजत नाही. वाचनमालेला हवी असलेली पुनरावृत्ती इथे पुरेपूर आहे, तेच तेच शब्द पुन्हा येतात. पण इथे प्रत्येक पुनरावृत्ती विनोद एक पायरी वर चढवते. सेंडॅकच्या चित्रांतलं ते केसाळ पिल्लू पहिल्या पानापासून डोळ्यांसमोर असतं. म्हणजे उत्तर वाचकाने आधीच पाहिलेलं असतं. मला ही गोष्ट या प्रकारातली सर्वांत निर्दोष रचना वाटते.

पेगी पॅरिश यांनी 1963 मध्ये हीच युक्ती उलटी वापरली. त्याही शिक्षिका. त्यांची अमेलिया बेडेलिया ही घरकाम करणारी बाई प्रत्येक सूचना शब्दशः घेते. दिवे घालवायला (इंग्रजीत ‘पुट आउट’, शब्दशः ‘बाहेर ठेव’) सांगितले तर बल्ब काढून बाहेर दोरीवर वाळत घालते. कोंबडी शिजवण्यासाठी तयार करायला (इंग्रजीत ‘ड्रेस’) सांगितली तर तिला कपडे घालते. सूचना मजकुरात असते, तिचा परिणाम चित्रात. सहा ते आठ या वयात मुलांना दुहेरी अर्थाचे विनोद कळू लागतात. वाचन स्थिरावण्याचं वयही हेच असल्यामुळे ही पुस्तकं अचूक मुहूर्तावर मुलांच्या हाती पडतात.

याच सुमारास पैशाचीही सोय झाली. 1965 च्या अमेरिकी शिक्षण कायद्याने शाळांच्या ग्रंथालयांना पुस्तकखरेदीसाठी सरकारी निधी दिला. ग्रंथपालांना पाठ्यपुस्तकाबाहेरची पुस्तकं घेता येऊ लागली आणि प्रकाशकांना अशी पुस्तकं काढायचं धाडस करता आलं. अर्नोल्ड लोबेल यांची बेडूक आणि भेक (टोड) या मित्रांची चार पुस्तकं 1970 ते 1979 या काळात आली. त्यांतल्या एका गोष्टीत भेक दिवसभराच्या कामांची यादी करतो. वारा यादी उडवून नेतो. बेडूक म्हणतो, धाव, पकड. भेक म्हणतो, कसा धावू? यादीच्या मागे धावणं हे माझ्या यादीत लिहिलेलंच नाही! हा विनोद चाळिशीतल्या माणसालाही लागू पडतो, आणि त्यातलं एकही वाक्य सात वर्षांच्या मुलाला जड जात नाही. ‘फ्रॉग अँड टोड टुगेदर’ला 1973 मध्ये न्यूबेरी सन्मान मिळाला. हे पारितोषिक लेखनासाठीचं. सोप्या शब्दांतलं पुस्तकही साहित्य असतं, याची ती जाहीर कबुली होती.

शब्दांच्या यादीचा जाच नसलेली एक समांतर परंपरा युरोपात होती. 1945 मध्ये स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या पुस्तकातली पिप्पी ही मुलगी आली. फ्रान्समध्ये रेने गोसिनी आणि चित्रकार झाँ-झाक साँपे यांचा छोटा निकोला 1959 पासून वृत्तपत्रात गाजला आणि 1960 मध्ये पुस्तकात आला. निकोला स्वतः गोष्ट सांगतो, अगदी गंभीरपणे. आपण किती गोंधळ घातला हे त्याला कळत नाही, वाचकाला कळतं. या मुलाच्या आवाजाने पुढच्या पुस्तकांना मोठी देणगी दिली.

1990 च्या दशकात मालिकांचं युग सुरू झालं. स्वस्त कागदी बांधणी आणि शाळांतल्या पुस्तकजत्रा यांमुळे एका पात्राची दहा-वीस पुस्तकं निघू लागली. 1992 मध्ये बार्बरा पार्क यांची ज्युनी बी. जोन्स आली, 1994 मध्ये ब्रिटनमध्ये फ्रान्सेस्का सायमन आणि टोनी रॉस यांचा हॉरिड हेन्री. ज्युनीच्या तोंडी लहान मुलाचं अशुद्ध व्याकरण आहे म्हणून पालकांनी तक्रारी केल्या. माझ्या मते त्या तक्रारींत एक गोष्ट सुटली. ज्युनीचं वाक्य चुकलंय हे ज्या मुलाला हसू येण्याइतपत कळलं, त्याला बरोबर वाक्य ठाऊक आहे.

सर्वांत मोठं वादळ उठलं ते डेव्ह पिल्की यांच्या 1997 च्या ‘कॅप्टन अंडरपँट्स’वरून. पिल्की यांना लहानपणी वाचनात अडचण होती, शाळेत एका जागी बसवत नसे, आणि त्यांचं बाक बऱ्याचदा वर्गाबाहेर, वऱ्हांड्यात असे. तिथेच त्यांनी हे पात्र काढलं. पुस्तकात दोन मुलं कॉमिक बनवतात, ते कॉमिक स्पेलिंगच्या चुकांसकट पुस्तकात येतं, आणि मारामारीच्या प्रसंगी दोन पानं भराभर उलटून चित्र हलवायची सोय असते. 2012 आणि 2013 या दोन्ही वर्षी अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत ही मालिका पहिली होती. चड्डी आणि मोरीतले विनोद मोठ्यांना खटकले. पण जाड पुस्तकाला घाबरणारी मुलं ही पुस्तकं स्वतः मागून नेत होती.

याच काळात एक उलट ओढही वाढत गेली. 1996 नंतर अमेरिकी वर्गांमध्ये पुस्तकांना इंग्रजी मुळाक्षरांच्या पायऱ्या लावण्याची पद्धत फोफावली. शिक्षकाला मुलाची गती कळायला ती उपयोगी आहे, हे मान्य. पण ‘हे तुझ्या पातळीचं नाही’ म्हणून पुस्तक हातातून काढून घेतलं जातं, तेव्हा हर्सी ज्या बंदिस्तपणावर तुटून पडले होते तोच परत येतो. विनोदासाठी मूल दोन पायऱ्या वरचं पुस्तकही झगडून वाचतं, याकडे ती मोजपट्टी पाहत नाही.

रंगीत छपाई आवाक्यात आली आणि चित्रांचा वाटा आणखी वाढला. 2000 मध्ये इटलीत सुरू झालेल्या जेरोनिमो स्टिल्टनच्या पुस्तकांत शब्दच रंग आणि आकार घेऊन नाचतात. 2005 मध्ये केट डिकॅमिलो आणि ख्रिस व्हॅन ड्यूसन यांची मर्सी वॉटसन नावाची डुकरीण आली. घरातले समजतात ती आपल्याला वाचवायला निघाली, आणि वाचकाला ठाऊक असतं की तिला फक्त खाऊ हवा आहे. अमेरिकी ग्रंथालय संघटनेने नवशिक्या वाचकांच्या पुस्तकांसाठी गाइझेल यांच्या नावाने 2004 मध्ये वेगळं पारितोषिक स्थापन केलं, 2006 पासून ते दिलं जातं.

ते दोनदा मिळवलेले मो विलेम्स 2007 ते 2016 या काळात हत्ती आणि डुकरीण यांची 25 पुस्तकं करून थांबले. त्यांत निवेदन जवळजवळ नाहीच; हत्तीचं बोलणं करड्या फुग्यात, डुकरिणीचं गुलाबी. 2010 च्या पुस्तकात दोघांना कळतं, की कुणीतरी आपल्याला वाचतंय. मग ते वाचणाऱ्याच्या तोंडून मोठ्याने ‘बनाना’ वदवून घेतात आणि पोट धरून हसतात. ते हसू वाचणाऱ्याने शब्द उच्चारल्याशिवाय सुरूच होत नाही. 2016 मध्येच पिल्की यांनी ‘डॉग मॅन’ आणला, पूर्ण कॉमिकच्या चौकटींत आणि प्रकरणांत विभागलेला.