‘तुझ्यासारखे’ आणि किताब: टीव्हीवरच्या रेसलिंगमधलं प्रतिनिधित्व

एखाद्या कृष्णवर्णीय किंवा आशियाई रेसलरच्या कमरेला विश्वविजेत्याचा मोठा बेल्ट चढला की मथळ्यात ‘पहिला’ हा शब्द येतो आणि भांडण सुरू होतं. या रेसलिंगमध्ये निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे किताब कोणी जिंकला यापेक्षा तो कोणाला द्यायचं ठरलं, यालाच इथे अर्थ.

जुना काळ थोडक्यात. ऑगस्ट 1962 मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्कला एका कृष्णवर्णीय रेसलरने विश्वविजेत्याला हरवलं, पण समोरच्याने दुखापतीची सबब पुढे केली म्हणून जिंकणाऱ्यानेच बेल्ट नाकारला. अधिकृत यादीत तो विजय धरलाच जात नाही. त्यामुळे ‘पहिला कृष्णवर्णीय विश्वविजेता’ हा मान जातो 1992 कडे. WCW या कंपनीच्या बाल्टिमोरमधल्या कार्यक्रमात ठरलेला आव्हानवीर जखमी असल्याचं दाखवलं गेलं, चिठ्ठी काढली आणि तिच्यात नाव निघालेला कृष्णवर्णीय रेसलर विजेता झाला. सर्वात मोठ्या कंपनीत, म्हणजे आजच्या WWE मध्ये, 1998 ला बेल्ट मिळवणाऱ्याचे वडील कृष्णवर्णीय, आई सामोअन. त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं, यावर चाहत्यांची हुज्जत अजून मिटलेली नाही.

खरी ठसठस मात्र 2003 ची. याच कंपनीच्या सिएटलमधल्या वार्षिक महासोहळ्यात गोरा खलनायक विजेता होता आणि आव्हानवीर होता प्रतिस्पर्धी WCW मध्ये पाच वेळा विश्वविजेता राहिलेला कृष्णवर्णीय रेसलर. सामन्याआधीच्या एका भागात विजेत्याने रिंगमध्ये त्याला ऐकवलं की तुझ्यासारख्यांच्या नशिबी हा किताब नसतो. मग त्याच्या केसांवरून टोमणा मारला, वर नाचून दाखव म्हणाला. बचाव असा केला जातो की ‘तुझ्यासारखे’ म्हणजे तुरुंगात जाऊन आलेले. आव्हानवीराने तरुणपणी शिक्षा भोगली होती आणि तेही पडद्यावर उकरून काढलं होतं. पण तुरुंगाचा आणि केसांचा काय संबंध?

तरीही हे एक वेळ चाललं असतं. या धंद्याचा साधा हिशोब आहे: खलनायक जितका खालच्या पातळीवर उतरेल, तितका शेवटी त्याने मार खायचा. इथे मात्र त्या विजेत्याने आपला हुकमी डाव टाकला, बराच वेळ आडवा पडून राहिला, मग सरपटत जाऊन समोरच्याच्या छातीवर नुसता एक हात ठेवला. एक, दोन, तीन. तो जे बोलला होता ते पटकथेनेच खरं करून दाखवलं. हरलेल्याला त्या कंपनीचा जागतिक बेल्ट मिळाला 2006 मध्ये, आणि तोही इंग्रज राजाची नक्कल करणारा, उसन्या उच्चारात बोलणारा ‘राजा’ म्हणून.

उसने उच्चार ही इथली जुनी खोड. घानात जन्मलेल्या एका रेसलरला 2008 मध्ये जमैकन म्हणून आणलं गेलं. पुढच्याच वर्षी तो उच्चार गायब झाला आणि रिंगमध्येच त्यावरून त्याची फिरकी घेतली गेली. भारतीय वंशाच्या वाट्यालाही असंच काही आलं. मे 2017 मध्ये किताब मिळाला तो कॅनडात जन्मलेल्या पंजाबी रेसलरला, तोही परका खलनायक म्हणून. नोव्हेंबरात, दिल्लीचा दौरा महिन्यावर आलेला असताना, बेल्ट काढून घेतला. दिल्लीत त्याला हरवलं 2003 च्या त्याच विजेत्याने. नंतर दोघे भांगडा नाचले.

बायकांच्या बेल्टवरचं ‘डिवा’ (नखरेल नायिका) हे नाव 2016 मध्ये गेलं. एप्रिल 2019 च्या महासोहळ्यात शेवटचा, म्हणजे मानाचा, सामना प्रथमच त्यांचा झाला. त्याच रात्री घानाच्या त्या रेसलरलाही सर्वोच्च किताब मिळाला. अकरा वर्षं थांबल्यावर. घोषणा झाली ‘आफ्रिकेत जन्मलेला पहिला विजेता’ अशी. शब्द जपून निवडले होते, कारण नुसतं ‘पहिला कृष्णवर्णीय’ म्हटलं असतं तर 1998 आडवं आलं असतं.

ऑक्टोबरात कंपनीचा साप्ताहिक टीव्ही कार्यक्रम नव्या वाहिनीवर गेला. त्या पहिल्याच रात्री घानाचा तो विजेता दहा सेकंदांच्या आत हरला.